काका आपला हुंकार परत मागायला गेले

मी बस डेपोच्या चौकशीच्या खिडकीत बसते. लोक दिवसभर तेच तेच विचारतात आणि मी दिवसभर तेच तेच सांगते, त्यामुळे माझा स्वभाव बिघडलाय असं घरचे म्हणतात. बिघडलाय तर बिघडलाय. पण काकांची हकिकत मीच सांगणार. ती घडली तेव्हा मी स्वतः तिथं हजर होते, आणि बाकीचे जे सांगत फिरतात त्यात निम्मं तिखटमीठ असतं.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. धंदा इस्त्रीचा. डेपोच्या मागच्या भिंतीला लागून आमची वस्ती आहे, तिच्या तोंडाशीच त्यांचं टेबल. टेबलावर जुनं ब्लँकेट, त्यावर चादर, चादरीवर जळक्या त्रिकोणी डागांची नक्षी. कोळशाची जड इस्त्री. सगळ्या ड्रायव्हर-कंडक्टरांचे गणवेश तिथं येतात. काका बोटं पाण्यात बुडवतात, कॉलरवर शिंपडतात, इस्त्री फिरवतात. शेजारी स्टुलावर बसून मावशी त्याच गणवेशांची तुटलेली बटणं लावते, फाटलेले खिसे शिवते. मावशीचं तोंड अखंड चालू. काकांचं बंद. लग्न असंच टिकतं, असं मावशी म्हणते. काका त्याला हं म्हणतात.

आता हे 'हं' काय प्रकरण आहे ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आम्ही मूळचे डोंगरातले. आजोबांच्या वेळेला इथं उतरलो, भाषा बरोबर आणली आणि गोष्टी सांगायची रीत बरोबर आणली. आमच्यात गोष्ट एकट्यानं सांगता येत नाही. एक सांगणारा लागतो आणि एक हुंकारी. हुंकाऱ्यानं प्रत्येक वाक्याला 'हं' म्हणायचं, बस्स. ऐकायला सोपं वाटतं ना? पण त्यात गोम आहे. वाक्य पटलं नाही तर हुंकारी गप्प बसतो. तो नाही म्हणत नाही, वाद घालत नाही, तोंड वाकडं करत नाही. नुसता गप्प. मग सांगणाऱ्यानं मागं यायचं आणि हं मिळेपर्यंत ते वाक्य बदलत राहायचं. आणि वाक्य असं अडकलेलं असताना दोघांपैकी कुणीही जागचं उठायचं नाही. मग पोरगं रडो, नाहीतर दूध उतू जावो.

काका वस्तीतले पहिल्या नंबरचे हुंकारी. कुणाचं भांडण झालं, कुणाची सोयरीक मोडली, कुणी परगावी जाऊन आलं, की तो माणूस आधी इस्त्रीच्या टेबलाशी येऊन उभा राहायचा आणि सांगायला लागायचा. काकांनी हं म्हटलं की ती गोष्ट खरी ठरली, वस्तीभर फिरायला मोकळी झाली. आता काका काही देवमाणूस नाहीत हां. माझा मामेभाऊ एकदा मोठ्या शहरात जाऊन आला आणि म्हणाला, तिथं पायऱ्या आपोआप वर जातात, आपण नुसतं उभं राहायचं. काका गप्प. तो शपथा घेतोय, हात हलवून दाखवतोय, काका गप्प. शेवटी त्याला कामावर जायला उशीर व्हायला लागला, तेव्हा बिचारा म्हणाला, "बरं बाबा, मी चालत वर गेलो." तेव्हा कुठे हं मिळालं. पुढे काकांनी तसल्या पायऱ्या स्वतः पाहिल्या. मामेभावाची माफी मागितली का? छे! म्हणाले, "तू नीट सांगितलं नव्हतंस."

तर असं चाललेलं असताना रेडिओ केंद्रातले साहेब आपली पँट इस्त्री करून घ्यायला आले. मावशी तेव्हा एका कंडक्टरच्या बायकोची गोष्ट सांगत होती, काका हं हं करत होते. साहेब पँट विसरून ऐकत राहिले. भाषा त्यांना ओ की ठो कळत नव्हती, पण डोळ्यांत पाणी! साहेब माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून टाकते. आमच्यावर त्यांचं भारी प्रेम. कुठल्याशा प्रदर्शनातून घेतलेली रंगीत मण्यांची माळ ते गळ्यात घालायचे आणि आम्हाला दाखवायचे, "ही तुमची." आमच्यात मणी कुणीच घालत नाही. पण एवढ्या हौसेनं दाखवतोय माणूस, म्हणून आम्ही "छान आहे" म्हणायचो. काका काही म्हणायचे नाहीत.

साहेबांनी मावशीला कार्यक्रम दिला. आठवड्यातून एकदा, दुपारी, बातम्यांच्या आधी. आमच्या भाषेत आमच्या गोष्टी. नाव ठेवलं 'रानपाखरांचे बोल'. मावशी म्हणाली, "कसली पाखरं? डेपोत कावळे आहेत." पण गेली. आणि काय सांगू, त्या काचेच्या खोलीत गेल्यापासून बाई बदललीच. घरी दोन खोल्यांत सहा माणसं, हिनं एक वाक्य सुरू केलं की चौघं मध्येच तोडणार. इथं दार आपोआप लागतं, लाल दिवा लागतो आणि ती बोलायला लागली की सगळं जग गप्प. जाताना केसांना तेल, पायांत चांगल्या चपला, पदराला पिन. येताना चेहरा असा, की जणू माहेरी जाऊन आली.

काका हुंकारी म्हणून समोर बसायचे. पहिले काही महिने झकास गेले. वस्तीत त्या वेळेला एकूण एक रेडिओ चालू असायचा. नाही म्हणायला दोनदा घोटाळा झाला. मावशीनं गोष्टीत भर घातली, की तिची आजी वाघाशी बोलली होती. काका गप्प. आता, रेडिओवर गप्प बसून चालत नाही. तिथं एक यंत्र आहे, कुणी बोलेनासं झालं की दिवा लुकलुकायला लागतो आणि आपोआप बासरी सुरू होते. बासरी सुरू झाली, वाघ राहिला बाजूला. दुसऱ्यांदा तर मावशीनं आपलं वय सांगितलं होतं. बासरी पुष्कळ वेळ वाजली.

साहेबांनी मग तोडगा काढला. काकांचे हुंकार रेकॉर्ड करून ठेवायचे, काकांनी आरामात घरी बसायचं, रेकॉर्डिंगवाली ताई वाक्यावाक्याला बटण दाबेल. काकांना यात वावगं काही दिसलं नाही. उलट भाव खाल्ला. इस्त्रीचा शर्ट घालून गेले. ताई म्हणाली, "काका, म्हणा हं."

काका म्हणाले, "कशाला?"

"रेकॉर्ड करायचाय ना."

"ते कळलं. पण हं कशाला म्हणू? तू काहीतरी सांग की."

ताई हुशार. ती म्हणाली, "आज मंगळवार."

"हं."

"कॅन्टीनचा चहा पाणचट असतो."

"हंऽ." हा जरा जाड आला.

"माझ्या सासूबाई आमच्याकडे राहायला आल्यात."

"हंऽऽ." यात दुःख होतं.

"कायमच्या."

यावर काकांनी जो हं दिला, तो म्हणे ताईनं नंतर आपल्या नवऱ्याला नेऊन ऐकवला. मग "साहेब कविता करतात" याला नवलाचा हं मिळाला, "उद्या सुट्टी आहे" याला आनंदाचा. सगळे खरेखुरे, एकेका खऱ्या गोष्टीला दिलेले. ताईनं बटणांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, साधा, आनंदी, दुःखी, नवल. काका खूश होऊन घरी आले आणि संध्याकाळभर आम्हाला "साहेब कविता करतात" हेच सांगत बसले.

इथूनच सगळं फिसकटलं. अडवणारा माणूसच समोर नाही म्हटल्यावर साहेबांच्या लेखणीला पंख फुटले. आधी ते म्हणाले, कार्यक्रम सगळ्यांना कळायला हवा, तेव्हा आमच्या भाषेऐवजी सगळ्यांच्या भाषेत बोला. मग म्हणाले, गोष्टी फार लांबतात, मी छोटंसं लिहून देतो. होता होता आमच्या भाषेतलं कार्यक्रमात एवढंच उरलं, काकांचं हं. साहेब म्हणायचे, "त्यानं मातीचा वास येतो."

मावशी वाचायची. का वाचायची? मी विचारलं होतं तिला. म्हणाली, "नाही वाचलं तर दुसरीला बसवतील."

त्या दिवशी मी टेबलाशी उभी होते, डेपो मॅनेजरचा शर्ट न्यायला आले होते. टेबलावरच्या रेडिओभोवती वस्तीतली पाच-सहा माणसं. मावशीचा आवाज आला, "आम्ही रानावनातली निष्पाप लेकरं."

रेडिओतले काका म्हणाले, "हं."

टेबलापाशी उभे असलेले काका थांबले.

"चंद्र उगवला की आम्ही सगळे फेर धरून नाचतो. उद्याची चिंता आम्हाला ठाऊक नाही."

"हंऽ!" हा आनंदी होता. उद्या सुट्टीवाला.

"मी नाही म्हटलं," काका म्हणाले.

"झऱ्याचं गोड पाणी प्यावं, झाडाखाली झोपावं. आम्हाला कुणाकडून काहीच नको."

"हं."

"अरे, मी नाही म्हटलं!" काका ओरडले. काका ओरडलेले मी जन्मात प्रथमच ऐकले. तेवढ्यात जळका वास आला. मॅनेजरच्या कॉलरवर चांगला त्रिकोण उमटला होता. त्यावरून मला पुढं काय काय ऐकून घ्यावं लागलं ते सोडा.

आमच्या शेजारच्या म्हातारीला सगळी वस्ती तोफ म्हणते. ती शांतपणे म्हणाली, "म्हटलंस की. आम्ही सगळ्यांनी ऐकलं."

दुसऱ्या दिवसापासून इस्त्रीच्या टेबलाशी कुणी थांबेना. कपडे टाकायचे, कपडे न्यायचे, संपलं. काका आपणहून विचारायला लागले, "काय रे, काल भांडण झालं म्हणे?" तर समोरचा म्हणायचा, "झालं असेल." एकदा तोफ तिच्या जावयाची तक्रार घेऊन टेबलावरून पुढे गेली आणि थेट आमच्या दारात येऊन मला सांगायला लागली. मला! मी चौकशीवाली, मी प्रत्येक वाक्याला "मग?" म्हणते. काकांनी हाक मारली, "मला सांग की." ती म्हणाली, "तुला कशाला सांगू? तुझं हं आता बटण दाबलं की कुणालाही मिळतं." माणसाचा चेहरा एका दिवसात उतरतो म्हणतात, तो मी पाहिला. मला तोफेचा इतका राग आला, पण ती चूक बोलत नव्हती ना.

घरात तर युद्धच. मावशी म्हणायची, "तुमचं काय बिघडलं? घरबसल्या रेडिओवर आवाज येतोय." काका गप्प. मावशी म्हणायची, "ते नुसतं वाचायचं असतं, त्यात खरं-खोटं काय?" काका गप्प. मग तिनं भाजी कोणती आणू विचारलं तरी काका गप्प. आमच्या रीतीनं बाईला जागचं उठता येईना. सकाळचा एक चहा दुपारपर्यंत अडकून पडला होता. शेवटी मी मध्ये पडले आणि भाजी मीच आणली.

तरीही काका रेडिओ केंद्रात गेले नसते. भांडायला बाहेर जाणारा तो माणूस नाही. पण वस्तीच्या नळाचं प्रकरण झालं. आमचा एकुलता एक नळ कधीचा कोरडा पडलाय. डेपोत बस धुवायचा जो पाइप आहे, त्याखाली आम्ही बादल्या लावतो. पाण्याला डिझेलचा वास. म्हणून तोफ, काका, मी आणि आणखी चार बायका पाणीखात्यात गेलो. तिथला कारकून आम्हाला पाहून हसलाच. म्हणाला, "तुम्हाला कशाला नळ? मी स्वतः ऐकलंय रेडिओवर. झऱ्याचं गोड पाणी, आम्हाला काही नको. आणि एक म्हातारबाबा मागून हं पण म्हणाला."

तोफेनं काकांकडे नुसतं पाहिलं.

काका टेबलाशी आले आणि त्यांनी इस्त्रीतले कोळसे ओतून टाकले. भरदुपारी! शर्ट बदलला, वर मान करून मला म्हणाले, "केंद्राची बस किती वाजता?" आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला हे विचारलं आणि मी खेकसले नाही. खिडकीत 'थोड्या वेळात येते' ही पाटी लावली आणि त्यांच्याबरोबर निघाले.

तो कार्यक्रमाचाच दिवस होता. आम्ही पोचलो तेव्हा मावशी आत काचेच्या खोलीत कागद लावून बसली होती. बाहेर ताई बटणांपुढे, शेजारी साहेब. काका साहेबांना म्हणाले, "माझा हुंकार परत द्या."

साहेब म्हणाले, "काका, परत कसा देणार? तो तर यंत्रात आहे."

"मग मी आत बसतो."

"आता वेळ झाली हो, दिवा लागेल."

पण काका तोवर दार ढकलून आत गेलेही. मावशीच्या समोरच्या आपल्या जुन्या खुर्चीत बसले, हात मांडीवर, तोंड मिटलेलं. दार आपोआप लागलं. लाल दिवा लागला. साहेबांनी कपाळाला हात लावला, मग ताईला म्हणाले, "तू बटणं दाब. त्यांच्या गप्प बसण्यानं काय होतंय? रेडिओवर ते कुणाला दिसणार?"

आणि हे खरंच होतं. काकांकडे देवानं दिलेलं एकच हत्यार, गप्प बसणं. आणि ते बटणाखाली ऐकूच येणार नव्हतं.

मावशीनं सुरू केलं, "आमची माणसं फार साधी."

बटण. "हं."

मावशीनं वर पाहिलं. काकांचं तोंड मिटलेलं.

"उद्याची चिंता आम्हाला ठाऊक नाही."

बटण. "हंऽ!"

मावशीनं कागद उचलून तोंडासमोर धरला. काकांनी खुर्ची सरकवली आणि कागदाच्या बाजूनं डोकावून पाहिलं. तिनं कागद त्या बाजूला नेला. काका इकडून डोकावले. मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना.

"चंद्र उगवला की..." मावशीचा आवाज अडखळला, "आम्ही सगळे फेर धरून नाचतो."

ताई गोंधळली आणि तिनं भलतंच बटण दाबलं. सासूबाई कायमच्या राहायला आल्या तो हं आला.

मावशीनं कागद खाली ठेवला. माइककडे तोंड केलं आणि म्हणाली, "हे यांनी नाही म्हटलं. माझे यजमान माझ्यासमोर बसलेत, त्यांचं तोंड मिटलेलं आहे. हं आला तो पेटीतून आला."

साहेबांनी दोन्ही हात हवेत उडवले. ताईनं बटणावरचा हात काढून मांडीखाली घालून ठेवला. यंत्राचा दिवा लुकलुकायला लागला.

"बरं, मागं येते," मावशी म्हणाली. "आमची माणसं साधी नाहीत."

काका गप्प.

"काही साधी आहेत."

गप्प.

"एक होता साधा. तो वारला."

"हं," काका म्हणाले. दिवा विझला.

"उद्याची चिंता मला आहे. यांचे गुडघे गेलेत आणि धंदा उभ्यानं करायचा आहे."

"हं." हा हळू होता.

"चंद्र उगवला की मी पँटींची बटणं लावते. नाच आमच्यात चौघांनाच येतो. हे त्यातले नाहीत."

काका गप्प. दिवा पुन्हा लुकलुकला. मावशीनं सुस्कारा टाकला. "हे त्यातले होते. आमच्या लग्नात फार छान नाचले होते."

"हं," काका ताठ बसून म्हणाले.

"झरा मी पाहिलेला नाही. माझ्या आईनं पाहिला होता. आम्ही बस धुवायच्या पाइपाचं पाणी पितो. त्याला डिझेलचा वास येतो."

"हं."

"आम्हाला नळ हवा."

"हं!" हा एवढा मोठा होता की काच थरथरली. आणि माझ्या शेजारी ताईसुद्धा "हं" म्हणाली, आणि मीसुद्धा म्हणाले. मी! ज्या मला "मग?" शिवाय काही येत नाही.

"मणी आम्ही घालत नाही. ते साहेब घालतात."

"हं."

साहेबांचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला आणि तिथंच राहिला. मला त्यांची कीव आली, खोटं कशाला सांगू.

"आणि हे सगळं मी वाचत होते, कारण मला ही खुर्ची सोडवत नव्हती," मावशी म्हणाली.

"हं." हा जरा जास्तच पटकन आला. मावशीनं डोळे वटारले आणि ठसक्यात म्हणाली, "इथं आमचा कार्यक्रम संपला."

काका गप्प.

झालं! वाक्य अडकलं. आता दोघंही उठायची नाहीत. आणि बातम्यांची वेळ झालेली. बातम्या देणारे गृहस्थ, भरदार आवाजाचे, कोट घातलेले, कागद घेऊन आत शिरले, दोघांना पाहून दचकले, पण लाल दिवा चालू, बोलायची सोय नाही. तिसरी खुर्ची ओढून बसले आणि वाचायला लागले.

"ठळक बातम्या."

"हं," काका सवयीनं म्हणाले.

गृहस्थ दचकले. पण त्यांनी वाचलं, "शहरात सर्वत्र पाणीपुरवठा सुरळीत आहे."

काका गप्प.

आता बघा, या माणसाला काकांशी काही देणंघेणं नव्हतं. आमची रीत त्याला माहीत नव्हती. त्यानं सरळ पुढची बातमी वाचायची. पण इतकी वर्षं तो काचेकडे तोंड करून बातम्या देत आलेला, आणि आज पहिल्यांदा समोर बसून कुणीतरी ऐकत होतं. त्यानं पुढच्या वाक्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. काकांकडे पाहिलं. पुन्हा वाचलं, "शहरात सर्वत्र पाणीपुरवठा सुरळीत आहे."

काका गप्प. दिवा लुकलुकतोय. गृहस्थांच्या कपाळावर घाम.

"असं..." ते म्हणाले, "असं पाणीखात्यानं कळवलं आहे."

"हं," काका म्हणाले.

आणि तो हं गावातल्या एकूण एक रेडिओवर गेला. त्यानंतरच्या सगळ्या बातम्या त्या गृहस्थांनी अशाच वाचल्या. मंत्री म्हणतात, असं सांगण्यात आलं, आम्ही पाहिलेलं नाही. नंतर ताई म्हणाली, इतक्या खऱ्या बातम्या या केंद्रावरून कधी गेल्या नव्हत्या. शेवटी लाल दिवा विझला, तेव्हा मावशीनं विचारलं, "आता संपला?" आणि काका म्हणाले, "हं." दोघं उठले.

साहेब दाराशीच उभे होते. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "काका, माझं तुमच्या लोकांवर फार प्रेम आहे हो." काकांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग हं म्हणाले. दिला त्यांनी. मग साहेबांनी सांगितलं, की वरून फोन आला आहे आणि कार्यक्रम आजपासून बंद. ताईनं काकांच्या देखत बटणांमधले सगळे हुंकार पुसले. "एखादा ठेवू का आठवण म्हणून?" तिनं विचारलं. काका गप्प बसले, तेव्हा तिनं तोही पुसला.

आम्ही बसथांब्यावर येऊन बसलो. मावशीचा चेहरा पाहवत नव्हता. पदराची पिन काढून तिनं मुठीत धरली होती.

"तुमच्यामुळे गेला माझा कार्यक्रम," ती म्हणाली.

काका गप्प. बस आली. वाक्य अडकलेलं, कुणी उठेना. बस गेली.

"बरं, माझ्यामुळे गेला."

काका गप्प. मी म्हटलं, "अहो, पुढची बस भरलेली असते." कुणी ऐकेल तर शपथ. ती आली, गेलीही.

"गेला तर गेला. मला काय त्याचं?"

काका गप्प. मी कपाळावर हात मारून घेतला.

मावशीनं पदर डोळ्यांना लावला. मग रडायलाच लागली आणि रडत रडत म्हणाली, "मला फार आवडायचं हो. त्या खोलीत बसून बोलायला मला फार आवडायचं."

"हं," काका म्हणाले, आणि तिच्या मुठीतली पिन काढून आपल्या खिशात ठेवली, टोचू नये म्हणून. मग आम्ही तिसऱ्या बसनं घरी आलो.